आबांचा डबा

वाढप्यानं पाण्याचा पेला आबांच्या उजव्या हाताला ठेवला. माझा आणि जयवंतचा पेला रीतीप्रमाणे डावीकडे आला. आबांचा तेवढा उजवीकडे, ताटापासून चार बोटांवर. आबा अजून बसलेही नव्हते. काठी खुर्चीच्या पाठीला कशी अडकवावी ते बघत उभे होते.

माझे वडील डाव्या हातानं जेवायचे. लहानपणी त्यांच्या आईनं उलथन्याचे फटके देऊन पाहिले, पंगतीतून उठवून पाहिलं. हात काही बदलला नाही. डावा हात खरकटा, म्हणून पाणी उजव्या हातानं. ही गोष्ट घरातल्या माणसांना ठाऊक. जोतिर्लिंग भोजनालयातल्या वाढप्याला ती कशी कळली, असा प्रश्न मला पडला आणि उत्तरही लगेच सापडलं. आबांचा विद्यार्थी असणार. आबांनी कोल्हापुरात एकाच शाळेत निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवली. भर चौकात कुणीही सायकलवरून उतरून त्यांना नमस्कार करायचा. मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवत होते, आणि सुचलेल्या पहिल्या उत्तरावर थांबू नका असं मुलींना रोज बजावत होते. पण तो शनिवार होता, आणि मला भूक लागली होती.

"काय आणू, मास्तर?" वाढप्यानं विचारलं.

"काय काय आहे?" भिंतीवरच्या फळ्याकडे डोळे बारीक करून बघत आबांनी अगदी परगावच्या माणसासारखं विचारलं.

वाढपी त्यांच्याकडे बघतच राहिला. "झुणका, वांगं, आमटी, भाकरी. शनिवारी जे असतंय तेच की."

"मग तेच आणा."

आम्ही आबांसाठी डबा शोधायला निघालो होतो. त्याच्या तीन वर्षं आधी माझ्या नवऱ्याला, जयवंतला, बडोद्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात मोठी जागा मिळाली. त्यानं पुढं जायचं, घर बघायचं आणि सहा महिन्यांत मी नोकरी सोडून मागोमाग जायचं असं ठरलं. त्या सहा महिन्यांतच आई गेली. मी सामान उचलून शिवाजी पेठेत आबांच्या घरी राहायला आले. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे हलवायचं सामानही फार नव्हतं. बडोद्याला कधी जाणार, असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असे: आबांच्या जेवणाचं काय? त्यावर समोरचा माणूस मान डोलवायचा. ज्यांना साधा चहा धड करता येत नाही अशा एकट्या वडिलांना टाकून लेक कशी जाईल? जयवंतही मान डोलवायचा.

त्या खेपेला मात्र तो ठरवूनच आला होता. त्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी जागा त्यानं बघून ठेवली होती आणि महिनाभरात रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो घरात शिरला तेव्हा आबांनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि ते सोप्यात पेपर वाचत बसले होते. करपल्याचा वास गल्लीपर्यंत गेला होता. जयवंतनं बॅग टाकली, गॅस बंद केला, पातेलं नळाखाली धरलं आणि म्हणाला, "विभा, कोल्हापुरात डबा मिळत नाही हे मला पटत नाही. इथं माणसं दुसऱ्या गावाहून जेवायला येतात. रविवारी संध्याकाळी माझी गाडी आहे. त्याच्या आत मामांचा डबा ठरवायचा. बोल, तुझ्या अटी काय?"

मी अटी सांगितल्या. मीठ बेताचं, कारण आबांना रक्तदाब. तेल कमी. पोळी घरी येईपर्यंत मऊ राहिली पाहिजे. आणि सणावाराला खाडा नको.

"मंजूर," जयवंत म्हणाला. "तीन ठिकाणं बघू. दोन उद्या, एक परवा. मामा, तुम्ही पण गुण द्यायचे."

"मला काय कळतंय त्यातलं," आबा पेपरमागून म्हणाले.

जोतिर्लिंगचा झुणका चांगला होता. हे मी तिथंही मान्य केलं. कोरडा, दाणेदार, कांदा नेमका परतलेला. भाकरीचा पापुद्रा हात लावताच सुटत होता. वांग्यात दाण्याचं कूट भरपूर आणि तेल बेताचं. जयवंत मन लावून जेवत होता. त्याचं मला नेहमी नवल वाटायचं: रेल्वेतलं थंड जेवण असो की लग्नातली पंगत, तो तेवढ्याच समाधानानं जेवायचा आणि हात धुतल्यावर काय खाल्लं ते विसरून जायचा.

"दहापैकी नऊ," तो म्हणाला. "मामा?"

"उत्तम आहे."

"विभा?"

"मीठ जास्त आहे."

"मीठ कमी करायला सांगता येतं." त्यानं गल्ल्यावरच्या मालकांना हाक मारली. ते टॉवेलला हात पुसत आले. "महिन्याचा डबा लावायचाय. मीठ कमी चालेल ना तुम्हाला?"

"न चालायला काय झालं? आणि मास्तरांना तर आम्ही—" मालक बोलता बोलता थांबले. आबांना एकाएकी ठसका लागला होता. त्यांनी उजव्या हातानं पेला उचलला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्यायलं. "मास्तरांना सांभाळूनच देऊ म्हटलं," मालकांनी वाक्य पुरं केलं.

"आमटीत सांभाळाल," मी म्हणाले. "खर्डा मात्र सगळ्यांसाठी एकत्रच वाटता ना? त्यातलं मीठ कसं कमी करणार?"

"खर्डा पाठवूच नका," जयवंत म्हणाला.

"खर्ड्याशिवाय आबांना झुणका जात नाही."

"जातो की," आबा म्हणाले.

"आबा, तुम्ही गप्प बसा."

मालक हसले, जयवंतही हसला. पण त्या हसण्यातच जोतिर्लिंग बाद झालं. माझं म्हणणं चुकीचं नव्हतं. खर्ड्यात मीठ खरोखरच जास्त होतं.

संध्याकाळी शिर्के मावशींच्या पोळी-भाजी केंद्रातून पार्सल आणायला मी आणि जयवंत चालत गेलो. आबा घरीच थांबले. गुडघे दुखतात म्हणाले. वाटेत जयवंत बडोद्याच्या प्रयोगशाळेबद्दल सांगत होता.

"सगळं एसी. नवीकोरी उपकरणं. कापडाच्या रंगांचे नमुने येणार, तू तपासायचे आणि सही करून पाठवायचे. पाच वाजता घरी. इथल्यासारखं नाही, की इन्क्युबेटर बिघडला म्हणून तूच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलीस."

"तो आता नीट चालतो."

"तेच म्हणतोय मी. तुला असली कामं करावी लागू नयेत."

त्या वर्षी आमच्या वर्गात एक मुलगी भुदरगडकडच्या वाडीवरून येत होती. पहिल्या सत्रात ती तिच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते तिनं स्वतः सरपंचाला जाऊन सांगितलं. मग दुसरी बाटली आली, तिसरी आली. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर बाटल्यांची रांग लागलेली असे. खोकल्याच्या औषधाच्या, गुलाबपाण्याच्या, काही दारूच्यासुद्धा. पुन्हा पुन्हा सांगूनही मुली बाटल्या उकळून आणायला विसरत, मी ओरडत असे आणि त्या पुढच्या सोमवारी उकळलेल्या बाटल्या आणत. हे जयवंतला मी पूर्वी सांगितलं होतं. "चांगलंय," तो म्हणाला होता, "पण ते काय, तुझ्यामागून येईल तोही करेल."

शिर्के मावशींच्या दारात चार-पाच माणसं उभी होती. आत तिघीजणी पोळ्या लाटत होत्या आणि मावशी स्वतः भाजी बांधून देत होत्या. आमचा नंबर आला.

"एका माणसाचं जेवण द्या. घरी म्हातारे वडील आहेत, महिन्याचा डबा लावायचा विचार आहे," जयवंत म्हणाला.

"कुणाकडचे तुम्ही?"

"साळोखे मास्तरांकडचे. मी जावई."

मावशींनी हातातला वांग्याचा डाव परत पातेल्यात सोडला. "मास्तरांना रात्रीचं वांगं नको. दोडका देते."

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग जयवंतकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "माझा थोरला त्यांच्याच हाताखाली शिकला की," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळल्या.

जयवंत वाटेत खूश होता. "बघितलंस? न सांगता दोडका दिला. पैसे देऊन मिळणार आहे का अशी काळजी?"

मुलाच्या चित्रकलेच्या मास्तरांना रात्री वांगं बाधतं, हे आईला कसं कळतं, असा विचार माझ्या मनात आला खरा. पण मी तेव्हा पोळ्यांकडे लक्ष देत होते. घरी पोचेपर्यंत मी डबा झाकूनच ठेवला आणि मग उघडला. झाकणाला आतून पाणी सुटलं होतं. वरची पोळी ओली, खालच्या एकमेकींना चिकटलेल्या.

"हे बघा," मी म्हणाले. "गरम पोळी बंद डब्यात घातली की वाफ जाणार कुठं? झाकणाला लागते, थंड होते आणि परत पोळीवर पडते."

"झाकणाला भोकं पाडू."

"मग धूळ जाईल."

"फडक्यात गुंडाळून द्यायला सांगू."

"ते फडकं रोज कोण उकळणार?"

जयवंतनं हात टेकले. आबा मात्र खालचीच एक पोळी सोडवून, दोडक्याबरोबर खात होते. "चांगली आहे की. आणि वाफेचं काय एवढं, ती मंगळवारी पोळ्या आधी परातीत पसरून मग—" ते थांबले. घास पुन्हा पुन्हा चावत राहिले.

"मंगळवारी कोण?" मी विचारलं.

"मंगळवार पेठेतली. कुणीतरी. तुझी आई सांगायची."

आई कधीच बाहेरची पोळी आणत नसे. पण आबा थकलेले दिसत होते आणि जयवंत आता तिसऱ्या ठिकाणाची चौकशी करत होता, म्हणून मी विषय वाढवला नाही. तिसरं ठिकाण त्याला गाडीत शेजारी बसलेल्या माणसानं सांगितलं होतं: हौसाआक्काची खानावळ.

"तिथं नको," आबा म्हणाले. इतक्या चटकन की आम्ही दोघांनीही वर पाहिलं. "रविवारी फार गर्दी असते म्हणे. बसायला जागा मिळत नाही."

"मग नक्कीच चांगली असणार," जयवंत म्हणाला.

हौसाआक्काच्या खानावळीची रीत वेगळी होती. मटण आपण न्यायचं, शिजवून ती देणार. मसाला तिचा, जाळ तिचा. आपलं मटण दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून प्रत्येकाचं स्वतंत्र पातेल्यात शिजायचं आणि नेहमीची गिऱ्हाईकं आपापल्या घरचं पातेलंच तिथं ठेवून देत. रविवारी सकाळी जयवंत आणि आबा मटण आणायला गेले. कुठला भाग घ्यावा हे आबांना कसं समजणार अशी जयवंतला काळजी होती, पण परत आला तेव्हा तो म्हणाला, "मामांनी खाटकाला चांगलंच फैलावर घेतलं." मटण खानावळीच्या दारातल्या पोराकडे देऊन दोघं घरी आले आणि बाराच्या सुमाराला आम्ही तिघं जेवायला गेलो.

दारातूनच मसाल्याचा वास आला आणि मला पहिल्यांदाच मनापासून वाटलं की इथं दोष काढायला काही मिळणार नाही. वास जड नव्हता. खोबरं नीट भाजलेलं होतं, जळलेलं नव्हतं. फरशी ओल्या फडक्यानं पुसलेली. पिण्याच्या पाण्याचा पिंप झाकलेला, त्याला तोटी. मी पेला उजेडात धरून बघितला; पाणी स्वच्छ होतं.

हौसाआक्का साठीची, धिप्पाड, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. "या, या, मास्तर! आज अयतवारी कसं काय? आणि ही कोण, लेक व्हय?"

"हो," आबा म्हणाले. ते खाली बघत होते.

"आणि मी जावई," जयवंत हसून म्हणाला.

"बसा, बसा. तुमचं मटण चुलीवरच हाय, झालंच बघा."

मी हात धुवायला मागं गेले. चुलींची रांग होती आणि भिंतीला लागून लाकडी फळ्यांवर पातेली पालथी घातलेली. पितळेची, स्टीलची, काही ॲल्युमिनियमची. प्रत्येकाच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव. लेबल दिसलं की वाचायचं, ही माझी सवयच. कुठं 'चि. सौ. कां. मंदाकिनी हिस सप्रेम', कुठं 'हिंदुराव आ. यादव', कुठं नुसतंच 'तालीम मंडळ'. मी हात पुसत वळले. शेवटच्या चुलीवर एक पितळेचं पातेलं रटरटत होतं. आक्कानं ते सांडशीनं पुढं ओढलं तेव्हा काठाखालची काजळी थोडी खरवडली गेली आणि अक्षरं दिसली.

'सौ. सुमती गणपतराव साळोखे.'

माझ्या आईचं पातेलं. ती गेल्यावर मी ते माळ्यावर शोधलं होतं, कोनाड्यात शोधलं होतं, आणि तिनं कधीतरी ते मोडीत घातलं असणार अशा निष्कर्षाला आले होते.

"आक्का, हे पातेलं इथं कसं?"

"कसं म्हंजे? मास्तरांचंच न्हवं का ते? दोन वर्सं झाली की. दर बुधवारी पावशेर घिऊन येत्यात, बाराच्या ठोक्याला. एकटा माणूस, पर खायची जाण अशी, की काय सांगू!" तिनं झाकण काढलं, डाव फिरवला आणि पातेलं तसंच उचलून बाहेर नेलं. मी मागोमाग गेले. बाहेर जाईपर्यंत ती बोलतच होती, आणि आता तिचा आवाज साऱ्या खानावळीला ऐकू जात होता. "सोमवारी आन् शनवारी जोतिर्लिंगात, मंगळवारी शिर्के मावशीची पोळी, बुधवारी माझ्याकडं, शुक्करवारी त्या सुतारमाळाच्या अलीकडं मासं मिळत्यात तिथं. गावात कुणाचा रस्सा पातळ झाला ते मास्तरला इचारावं. मागं माझा मसाला बदलला तर पहिल्या घासाला वळाखलं त्यांनी!"

तिनं आबांच्या ताटात रस्सा वाढला आणि न विचारता लिंबाची फोड उचलून माझ्या ताटात टाकली. "मास्तरास्नी लिंबू लागत न्हाई," म्हणाली आणि भाकरी आणायला आत गेली.

जयवंत आधी हसला. अगदी मोकळेपणानं, मान मागं टाकून हसला. "मामा! म्हणजे अख्खं कोल्हापूर तुम्ही पालथं घातलंय, आणि आम्ही तुम्हाला झुणका खायला शिकवतोय!"

आबाही कसंनुसं हसले.

"मग मी सकाळी करून ठेवायची ते?" मी विचारलं.

"रात्री खायचो की. तू केलेलं वाया नाही घालवलं कधी."

"बरं, मामा, आता गुण द्या," जयवंत म्हणाला. "खरेखुरे द्या. जोतिर्लिंग?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडत, खालच्या आवाजात, पण अजिबात न अडखळता सांगितलं, "झुणका सोमवारचा खावा, शनिवारी गर्दीत हात घाईवर येतो त्यांचा. मिठाचं विभाचं बरोबर आहे, पण त्यांनी माझ्यासाठी बिनमिठाचा खर्डा वेगळा ठेवलेला असतो. काल तुमच्यासमोर आणला नाही. शिर्केबाईंची पोळी गावात पहिली. पार्सल घ्यायचं नाही, तिथंच पाटावर बसून खायची. आणि रस्सा हिचा. दुसरीकडे तिखट जिभेला लागतं, हिचं घशाला लागतं आणि लगेच उतरतं."

एवढं सलग आबा किती दिवसांनी बोलले होते! मी ऐकत राहिले. आम्ही दोन दिवस जे शोधत होतो ते त्यांनी दोन वर्षं आधीच शोधून, तपासून, पक्कं करून ठेवलं होतं. एकूण एक अट पुरी होत होती.

जयवंतचं हसू हळूहळू ओसरलं. तो वाईट माणूस नव्हता. पण हिशेब त्यालाही येत होता.

"म्हणजे मामा, तुम्हाला डब्याची गरजच नव्हती."

"नव्हती."

"आणि मी तीन वर्षं, दर दोन महिन्यांनी चोवीस तासांचा प्रवास करून येतोय. दर वेळी तुमचं दूध करपलेलं, भात कच्चा. शुक्रवारी पातेलं मी घासलं, मामा. का? एकदा तरी सांगायचंत."

आबांनी घास ताटात ठेवला. काठी जवळ ओढली, जशी शाळेत फळ्यापुढं उभं राहायच्या आधी ओढत असतील.

"चुकलं माझं, जावईबापू," ते म्हणाले. "एकुलती एक लेक. सोडवत नव्हती. मी एकटा राहू शकतो असं कळलं तर ती जाईल, म्हणून दूध करपवलं. तिचा यात काही दोष नाही. म्हातारा माणूस स्वार्थी होतो. आता घेऊन जा तिला."

आजूबाजूला ताटं वाजत होती. आक्का कुणावर तरी ओरडत होती. माझ्यासमोर रस्स्याची वाटी होती आणि तिच्यावर लाल तवंग सावकाश गोल फिरत होता.

आबा खोटं बोलत होते. हे मला कळायला वेळ लागला नाही, कारण निरीक्षणं सगळी माझ्यापाशी होतीच. ती एकापुढं एक मांडली मात्र नव्हती. आई गेल्यावर महिन्याभरात आबा मला म्हणाले होते, "विभा, तू जा. माझं मी बघेन." मी म्हणाले होते, "तुमच्या जेवणाचं काय?" दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा तेच म्हटलं होतं, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं होतं. त्या वेळी ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले होते, एखाद्या विद्यार्थ्याचं अर्धवट चित्र बघावं तसे. तिसऱ्यांदा त्यांनी ते कधीच म्हटलं नाही. त्यानंतर दूध करपायला लागलं. तेही रोज नव्हे. सोमवारी नाही, गुरुवारी नाही. जयवंत यायचा असला की त्याच संध्याकाळी.

आणि माझ्या अटी? मीठ, तेल, वाफ, फडकं. एकही अट खोटी नव्हती. फक्त एखादी खानावळ त्यांत बसली की मी नवी अट शोधत होते.

"ठीक आहे," जयवंत म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. "झालं ते झालं, मामा. मी काही मनात धरत नाही. उलट सुटलोच आपण. विभा, उद्या राजीनामा देऊन टाक. महिन्याची नोटीस, म्हणजे बरोब्बर वेळेत येशील. मामा अधूनमधून तिकडं येतील, आपण येऊ. मी उद्या तिकडं पोचलो की प्रयोगशाळेत कळवून टाकतो."

आबा काठीच्या मुठीकडे बघत होते. त्यांनी दोष आपल्या अंगावर ओढून घेतला होता आणि तो निमूट वागवायची त्यांची तयारी होती. जयवंतनं आयुष्यभर त्यांना स्वार्थी म्हातारा म्हटलं असतं तरी त्यांनी चकार शब्द काढला नसता. मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसायला मला छान जमायचं.

आक्का भाकरी घेऊन आली. "रस्सा वाढू का आनखी? पोरगी जेवतच न्हाई."

"थांबा, आक्का," मी म्हणाले. "आबा, तुम्ही जेवा. थंड होतंय."

आबांनी वर पाहिलं.

"अहो," मी जयवंतला म्हणाले, "आबांनी मला अडवलं नाही. ते खोटं सांगतायत. मी त्यांच्या जेवणाचं नाव पुढं करत होते, आणि ते त्यांना पहिल्यापासून कळत होतं. मला उघडं पडू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी दूध करपवलं."

"म्हणजे काय?" जयवंतनं विचारलं. "मग अडचण काय आहे तुझी? जागा आवडली नाही? दुसरी बघू. कॉलेज बघू तिथलं एखादं. अडचण सांगशील तर मार्ग काढता येईल, विभा."

तो हे मनापासून म्हणत होता. मी एखादी अडचण सांगितली असती तर त्यानं खरोखरच मार्ग काढला असता, म्हणून तर तीन वर्षं मी त्याला मार्ग काढता येणार नाही अशीच अडचण सांगत आले होते.

"अडचण काही नाही," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात असतो तसाच, सरळ निघाला. "माझं काम इथं आहे आणि मला ते सोडायचं नाही. मी बडोद्याला येणार नाही."